स्टेंटच्या आत काय दिसते? : एका अहवालाचे वाचन

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाच्या हृदयाच्या सी.टी. स्कॅनचा अहवाल घरी आला आणि तो वाचण्याचे काम माझ्याकडे आले. कारण साधेच होते. आमच्या घरात नावाआधी ‘डॉ.’ लावणारी मी एकटीच. वहिनींनी पाकीट माझ्यापुढे धरले आणि म्हणाल्या, “वन्सं, तुम्ही डॉक्टर ना, बघा बरं काय लिहिलंय.” माझी पदवी मराठी साहित्याची आणि प्रबंध एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांवर, हे वहिनींना पस्तीस वर्षांपासून ठाऊक आहे. पण घरात कुणाला तरी इंग्रजी कागद वाचावाच लागतो.

दादाच्या हृदयात सहा वर्षांपूर्वी दोन स्टेंट घातलेले होते. अलीकडे जिना चढताना छातीत आवळल्यासारखे होई, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी सी.टी. अँजिओग्राफी करून घ्यायला सांगितले होते. अहवाल दोन पानांचा होता. त्यात पहिल्या स्टेंटबद्दल लिहिले होते की तो ‘पेटंट’ आहे. दादा ऐकून म्हणाला, “कंपनीचं असेल. नाहीतर एवढे पैसे घेतले असते का?” मी हसले आणि त्याला समजावून सांगितले की, लॅटिनमध्ये ‘पातेरे’ म्हणजे उघडे असणे, राजाने सर्वांसाठी काढलेले उघडे पत्र ते ‘लेटर्स पेटंट’, आणि त्यातूनच आपले एकाधिकाराचे पेटंट आले. वैद्यकात मात्र शब्दाचा मूळ अर्थच टिकला आहे. पेटंट म्हणजे खुला, मोकळा. या व्युत्पत्तीच्या आनंदात मी पुढची ओळ घाईने वाचली. दुसऱ्या, लहान स्टेंटविषयी तिथे ‘ब्लूमिंग’ असा एक शब्द होता आणि पोकळीचे मूल्यमापन करता येत नाही असे काहीसे पुढे होते. ‘ब्लूमिंग’ म्हणजे फुलणे. स्टेंट चांगला फुलला आहे असा मी अर्थ लावला. “सगळं मोकळं आहे,” मी जाहीर केले.

त्या माझ्या वाक्यावर विसंबून दादाने डॉक्टरांची पुढची भेट तीन आठवडे लांबवली. मध्ये गणपती होते. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री दुखणे बसल्याजागी सुरू झाले आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. मनगटातून नळी घालून नेहमीची अँजिओग्राफी केली, तेव्हा तोच लहान स्टेंट आतून बराचसा भरलेला निघाला. दादा आज बरा आहे. पण तो अहवाल खोटा नव्हता आणि अपुराही नव्हता. जे सांगता येत नव्हते ते सांगता येत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. चूक वाचणारीची होती.

नंतर एका क्ष-किरणतज्ज्ञांनी मला अर्धा तास पडद्यासमोर बसवून दादाच्याच प्रतिमा दाखवल्या. त्या अर्ध्या तासात जे समजले आणि त्यानंतर वाचून जे पक्के झाले, ते इथे मांडते आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे पाकीट येते, आणि भाषा शिकवणाऱ्या माणसाकडेच ते वाचायला दिले जाते.

आधी स्टेंटविषयी. हा शब्द एका माणसाचे आडनाव आहे. चार्ल्स स्टेंट हे एकोणिसाव्या शतकातले लंडनचे दंतवैद्य. दातांचे ठसे घेण्यासाठी गटापर्चा नावाचा चिकासारखा पदार्थ वापरत, त्यात भर घालून त्यांनी तो अधिक उपयुक्त केला. पहिल्या महायुद्धात योहानेस एसर या डच शल्यविशारदाने जखमी सैनिकांच्या चेहऱ्यावर बसवलेली नवी कातडी जागेवर धरून ठेवण्यासाठी हाच पदार्थ वापरला. तिथून ‘आतून आधार देऊन जागा धरून ठेवणारी वस्तू’ असा अर्थ या शब्दाला चिकटला आणि पुढे तो रक्तवाहिनीपर्यंत गेला. दंतवैद्याला याची कल्पनाही नसणार.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना आपल्या परिभाषेत हृद्‌रोहिणी म्हणतात. मराठी शाळेत आम्ही रोहिणी आणि नीला हे शब्द शिकलो. इंदूरमध्ये आसपास हिंदी असल्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना धमनी आणि शिरा अधिक जवळच्या वाटतात. या रोहिण्या मुळाशी साधारण तीन ते चार मिलिमीटर रुंद असतात आणि पुढे निमुळत्या होत जातात. त्यांत मेदाचे थर साचले की रक्ताची वाट अरुंद होते. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जागृत रुग्णाच्या हृद्‌रोहिणीत फुगा नेऊन ती वाट पहिल्यांदा रुंद केली. त्या फुग्यांचे सुरुवातीचे नमुने त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून तयार केले होते. पण फुगा काढून घेतल्यावर वाहिनी पुन्हा आकसत असे. साधारण तिघांतल्या एकाला काही महिन्यांत तोच त्रास परत होई. म्हणून आतून आधार देणारी जाळी हवी होती. मार्च १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ इथे झाक प्युएल यांनी आणि त्यानंतर लवकरच स्वित्झर्लंडमधील लोझान इथे उलरिख सिगवार्ट यांनी माणसाच्या हृद्‌रोहिणीत अशी जाळी बसवली. अमेरिकेत त्याच सुमारास ज्यांची जाळी पुढे सर्वत्र गेली, त्या अर्जेंटिनात जन्मलेल्या हुलिओ पाल्माझ यांना तिची रचना सुचली ती गॅरेजमध्ये पडलेल्या, गिलाव्याखाली ठोकायच्या धातूच्या जाळीवरून.

जाळीने वाहिनीचे आकसणे थांबले, पण दुसराच प्रश्न उभा राहिला. शरीर तिला जखम समजते आणि तिच्यावर आतून नवी त्वचा चढवू लागते. ही त्वचा पातळ राहिली तर उत्तम, कारण तिच्यामुळे धातू रक्तापासून झाकला जातो. पण ती वाढतच गेली तर जाळीच्या आतली वाट पुन्हा अरुंद होते. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये चार-पाच जणांतल्या एकाच्या बाबतीत असे घडे. या शतकाच्या सुरुवातीला पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप दिलेले स्टेंट आले आणि हे प्रमाण दहांत एकाच्याही खाली गेले. खाली गेले, संपले नाही. शिवाय लोकांना स्टेंट घालून आता दहा-पंधरा-वीस वर्षे झाली आहेत. काहींच्या स्टेंटमध्ये त्या नव्या त्वचेतच मेदाचा नवा थर साचू लागतो. आपल्याकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध मूल्य नियंत्रण यंत्रणेने साध्या धातूच्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधयुक्त स्टेंटची २९,६०० रुपये ठरवून दिली. त्यापूर्वीच्या किमती दादाच्या एका मित्राने भरल्या होत्या. त्याबद्दल तो अजून बोलतो. सांगायचे एवढेच की स्टेंट आता मध्यमवर्गीय घरातली परिचित वस्तू झाली आहे, आणि ‘तो आतून कसा आहे?’ हा प्रश्नही त्याबरोबर घरात आला आहे.

या प्रश्नाचे जुने आणि खात्रीचे उत्तर म्हणजे मनगटातून किंवा मांडीतून नळी नेऊन, हृद्‌रोहिणीत थेट डाय सोडून काढलेले चलचित्र. पण तिथे नळी हृदयापर्यंत जाते, तो एक छोटा का होईना हस्तक्षेप आहे. सी.टी.मध्ये फक्त हाताच्या शिरेत सुई टोचतात. म्हणून ज्याला त्रास आहे, पण लगेच नळी घालावी इतका ठाम पुरावा नाही, अशा माणसासाठी सी.टी.चा विचार होतो.

सी.टी.चा शोध लावणारे गॉडफ्रे हौन्सफील्ड हे ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ई.एम.आय. कंपनीतले अभियंता. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनजवळच्या विम्बल्डनच्या रुग्णालयात त्यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. १९७९चे नोबेल त्यांना आणि गणिती पाया घालणाऱ्या ॲलन कॉर्मॅक यांना मिळून मिळाले. दोघांपैकी कुणाकडेही पीएच.डी. नव्हती. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेआधी घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

त्यांच्या यंत्राची कल्पना अशी. साधा क्ष-किरण फोटो ही सावली असते. पुढचे-मागचे सगळे एकावर एक पडते. त्याऐवजी शरीराभोवती फिरत फिरत शेकडो दिशांनी सावल्या घेतल्या आणि त्यांतून गणिताने मागे जाऊन आतल्या प्रत्येक बिंदूची घनता काढली, तर शरीराचा आडवा छेद न कापता मिळतो. म्हणजे सी.टी.ची प्रतिमा ‘काढलेली’ नसते, ‘हिशोबाने मांडलेली’ असते. प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा मिळतो. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, स्नायू चाळीस-साठ. आयोडीनयुक्त डाय मिसळलेले रक्त तीनशे ते पाचशे. धातू मात्र हजारोंच्या घरात. या मोजमापाला हौन्सफील्ड यांचेच नाव आहे. अहवालात कुठे ‘एच.यू.’ दिसले तर ते हेच.

मेंदू स्थिर असतो, हृदय नाही. मिनिटाला साठ ठोके पडत असतील तर एका ठोक्याला एक सेकंद मिळतो आणि त्यात हृदय जवळजवळ निवांत असते ते सेकंदाच्या पाव भागाच्या आसपास. ठोके वाढले की हा निवांतपणा सगळ्यात आधी आक्रसतो. म्हणून तपासणीआधी ठोके मंद करणारी गोळी देतात, छातीला ई.सी.जी.च्या तारा लावतात, आणि यंत्र दोन ठोक्यांच्या मधली ती निवांत फट साधून प्रतिमा घेते. वाहिन्या थोड्या रुंद व्हाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. मग डाय सेकंदाला पाच-सहा मिलिलीटर या वेगाने शिरेत सोडतात. अंगभर ऊब पसरते, आणि कपड्यात लघवी झाली की काय असे अनेकांना वाटते. झालेली नसते, पण हे आधी कुणी सांगितले नाही तर दादासारखा माणूस नेमक्या श्वास रोखायच्या क्षणी हलतो. श्वास रोखायचा तो दहा सेकंदांच्या आतबाहेर. मूत्रपिंडाचे काम ठीक आहे ना, हे आधी क्रिएटिनिन तपासून पाहतात, कारण डाय तिथूनच बाहेर पडते. किरणोत्साराविषयी लोक घाबरतात. आजच्या पद्धतीने नीट केलेल्या तपासणीत तो बहुधा काही मिलिसिव्हर्ट असतो. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. उगाच करू नये, पण गरज असताना टाळूही नये, इतपत हे प्रमाण आहे.

आता खरी अडचण. ती समजायला मला माझ्याच प्रबंधाची मदत झाली.

जुन्या नियतकालिकांच्या फायली ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना हे माहीत असेल. शिशाचे खिळे, हलका कागद, जरा जास्तच शाई. अशा छपाईत ‘ठ’ या अक्षराचे पोट शाईने भरून जाते. मथळ्यातला मोठा ‘ठ’ खुशाल गोल आणि पोकळ दिसतो. मजकुरातला ‘ठ’ थोडा लहान तोंडाचा होतो. आणि तळटीपेतल्या बारीक टायपातला ‘ठ’ म्हणजे नुसता काळा ठिपका. खिळा मात्र तिन्ही आकारांत पोकळच असतो. शाई कागदावर जेवढी फुटायची तेवढीच फुटते. मोठ्या अक्षराला ते सोसते, लहानाचे पोट बुजते.

स्टेंटचे सी.टी.मध्ये हेच होते. आजच्या स्टेंटची धातूची तार ०.०६ ते ०.०८ मिलिमीटर इतकीच जाड असते; सुरुवातीच्या काळातल्या पोलादी स्टेंटमध्ये ती सुमारे दुप्पट होती. पण सी.टी.चा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. ठिपक्याच्या आत जे काही असेल त्याची सरासरी काढून एकच आकडा येतो. तारेने ठिपक्याचा जेमतेम सहावा हिस्सा व्यापला असे धरा. उरलेल्यात डायमिश्रित रक्त आहे, त्याचा आकडा चारशे. धातूचा समजा दहा हजार. सरासरी दोन हजारांच्या घरात जाते, म्हणजे तो अख्खा ठिपका पडद्यावर लख्ख पांढरा. जी तार केसाइतकी, ती भिंतीइतकी दिसू लागते. शेजारच्या ठिपक्यांवरही तिची झळ पोचते. धातूची ही चमक आत आणि बाहेर फाकते, तिलाच ‘ब्लूमिंग’ म्हणतात. मला वाटलेल्या फुलण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता हिशोब करून पाहा. दोन्ही बाजूंनी अर्धा ते पाऊण मिलिमीटर चमकेने खाल्ला असे समजू. साडेतीन मिलिमीटरच्या स्टेंटमध्ये दोन ते अडीच मिलिमीटर पोकळी दिसायला उरते, म्हणजे चार-पाच ठिपके. त्यात काही साचले असेल तर ते करड्या रंगाचे दिसेल. तीन मिलिमीटरमध्ये तीन-चार ठिपके. अडीच मिलिमीटरमध्ये दोन-तीन. दोन ठिपक्यांवरून आतली वाट निम्मी भरली की पाव भरली, हे कसे सांगणार? म्हणून तीन मिलिमीटर ही उंबरठ्याची रेघ मानतात. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी छातीदुखीविषयी २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही स्टेंट मोकळा आहे का हे पाहण्यासाठी सी.टी. वापरायची तर तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या स्टेंटसाठी, असेच धोरण आहे. दादाचा पहिला स्टेंट ३.५ मिलिमीटरचा होता, दुसरा २.५चा. मथळ्यातला ‘ठ’ आणि तळटीपेतला ‘ठ’.

तज्ज्ञांनी मला पडद्यावर आणखी एक गंमत दाखवली. एकाच प्रतिमेचा चकाकपणा बदलणारी कळ फिरवली की लहान स्टेंटची पोकळी दिसेनाशी होई, उलट फिरवली की थोडी उघडे. मूळ आकडे तेच. नेहमीच्या मांडणीत धातू वाजवीपेक्षा जाड दिसतो, म्हणून स्टेंट पाहताना पट्टा मुद्दाम रुंद ठेवतात, आणि कडा तीक्ष्ण करणाऱ्या गणिताने प्रतिमा पुन्हा मांडतात. त्याने कडा सुधारतात, पण प्रतिमा रवाळ होते. धातूच्या बाजूला कधीकधी काळे पट्टेही उमटतात; त्यांत खरे काही नसते, पण नवख्याला ते साचलेल्या थरासारखे वाटू शकतात. दोन स्टेंट एकात एक घातलेले असतील, वाहिनीच्या फाट्यावर असतील, किंवा भिंतीत चुन्यासारखे कॅल्शियम बसले असेल, तर अडचण वाढते. ठोक्यांची लय बिघडलेली असेल तर विचारूच नका.

एक प्रश्न मी त्यांना विचारला आणि तो आपल्यापैकी कुणालाही सुचेल. स्टेंटच्या आतले दिसत नसेल तर पलीकडचे पाहावे. पलीकडे डाय पोचली आहे म्हणजे वाट मोकळीच असणार ना? ते म्हणाले, नाही. हृदयात शेजारच्या वाहिन्यांतून आडवाटा तयार झालेल्या असतात. मुख्य वाट बंद असली तरी आडवाटेने, उलट दिशेने, रक्त पलीकडे पोचते. सी.टी. ही एका क्षणाची स्थिर प्रतिमा असल्यामुळे रक्त कुठल्या बाजूने आले ते तिच्यात दिसत नाही. नळीच्या अँजिओग्राफीत ते चलचित्रात वाहताना दिसते. पलीकडची डाय फिकट असेल तर तो इशारा असतो. ठळक असेल तर तो पुरावा होत नाही.

या सगळ्यामुळे सी.टी.च्या दोन उत्तरांचे वजन सारखे नसते, आणि अहवाल वाचताना हीच गोष्ट सर्वांत जास्त हुकते. चमक पोकळी लहान करून दाखवते, मोठी करून कधीच दाखवत नाही. म्हणून पुरेशा मोठ्या स्टेंटमध्ये, चांगल्या प्रतिमेत, तज्ज्ञाला पोकळी स्वच्छ दिसली आणि त्याने ‘मोकळा’ म्हटले, तर त्यावर बरेच विसंबता येते. ‘अरुंद वाटतो’ असे म्हटले असेल तर त्यात चमकेचा वाटा असू शकतो. ते तपासून घ्यावे लागते. आणि तिसरे उत्तर ‘सांगता येत नाही’ हे. ते पहिल्या दोहोंच्या मधले नाही. ‘थोडेसे ठीक’ असा त्याचा अर्थ होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की ही परीक्षा झालीच नाही, दुसरी घ्या.

अहवाल लिहिणाऱ्यांनी या तिसऱ्या उत्तराला हक्काची जागा दिलेली आहे. हृद्‌रोहिणींचे सी.टी. अहवाल सगळीकडे एका पद्धतीने लिहिले जावेत म्हणून २०१६ मध्ये ‘कॅड-रॅड्स’ नावाची श्रेणीपद्धत आली. २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. शून्य ते पाच अशा श्रेणी, आणि त्यांच्या पुढे जोडायची काही अक्षरे. ‘एस’ म्हणजे स्टेंट आहे. ‘एन’ म्हणजे काही भाग निदान करण्याजोगा दिसलेला नाही. दादाच्या अहवालाच्या तळाशी ही दोन्ही अक्षरे होती. मी ती वाचलीही होती. आम्ही उत्तरपत्रिकेवर करतो तशा परीक्षकाच्या काही खुणा असतील असे समजून सोडून दिली.

मग लहान स्टेंटसाठी काय करतात? दुखणे असेल तर आधी स्नायूला रक्त कमी पडते आहे का ते पाहतात : चालत्या पट्ट्यावरची तपासणी, ताण देऊन केलेली सोनोग्राफी किंवा थॅलियमसारखा स्कॅन. यांत स्टेंट दिसत नाही, त्याचा परिणाम दिसतो. लक्षणे बळावली तर थेट नळीची अँजिओग्राफी. तिथेही डोळ्यांना शंका राहिली तर नळीतूनच बारीक तंतू नेऊन प्रकाशाने आतली भिंत पाहतात, ‘ओ.सी.टी.’ नावाच्या या पद्धतीत मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसतो. दादाच्या बाबतीत शेवटी नळीच घालावी लागली आणि भरलेला स्टेंट औषधाचा लेप असलेल्या फुग्याने रुंद केला. आणखी एक स्टेंट आत घातला नाही, कारण अडीच मिलिमीटरच्या वाटेत धातूचा दुसरा थर म्हणजे वाट आणखी अरुंद. फुगा औषध भिंतीला लावून परत येतो, मागे काही ठेवत नाही.

धातूच नको, असाही प्रयत्न झाला. विरघळणाऱ्या बहुवारिकाची जाळी आली, सी.टी.ला ती जवळजवळ पारदर्शक, फक्त दोन टोकांना प्लॅटिनमचे ठिपके. वाचणाऱ्यांच्या दृष्टीने याहून चांगले काय? पण तिची तार जाड होती, तिच्यात गुठळ्या होण्याचे प्रमाण जास्त निघाले आणि त्या काळी सर्वाधिक चर्चेत असलेली ‘ॲब्सॉर्ब’ ही जाळी २०१७ मध्ये विक्रीतून मागे घेतली गेली. स्वच्छ दिसते म्हणून चांगले असतेच असे नाही. दुसरीकडे यंत्रे सुधारत आहेत. क्ष-किरणांचा एकेक कण मोजणाऱ्या नव्या सी.टी.ला अमेरिकेत सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. तिचा ठिपका ०.२ मिलिमीटरपर्यंत बारीक होतो, म्हणजे शाई फुटायला जागाच कमी. अडीच मिलिमीटरचा स्टेंटही तिच्यात बऱ्यापैकी वाचता येऊ लागला आहे. तीन मिलिमीटरची रेघ काही वर्षांत खाली सरकेल असे तज्ज्ञांचे म्हणणे. तोवर आपल्या शहरात जे यंत्र आहे त्याची रेघ धरून चालावे.

शेवटी भाषेविषयी बोलणे भाग आहे, नाहीतर हा लेख या वार्षिकात कशाला? आमच्या इंदूरमध्ये अहवाल इंग्रजीत येतो, डॉक्टर तो हिंदीत सांगतात आणि घरी तो मराठीत पोचतो. दोनदा उतरताना पहिल्यांदा गळतो तो ‘सांगता येत नाही’ हा भाग. ‘नॉट असेसेबल’चे हिंदीत ‘ठीक से दिख नहीं रहा’ होते, मराठीत येईपर्यंत ‘एवढं काही दिसलं नाही’, आणि ‘काही दिसलं नाही’ म्हणजे आपल्याकडे ‘काही नाही’. हा प्रवास मी स्वतः एका वाक्यात करून दाखवला. परिभाषा बनवणाऱ्यांनी हृद्‌रोहिणीसारखे शब्द घडवले, ते योग्यच. पण तातडीची गरज या लहान शब्दांची आहे. ‘पेटंट’ला ‘मोकळा’ पुरेसा आहे. ‘नॉन-डायग्नॉस्टिक’ला मी ‘अनिर्णित’ सुचवीन. क्रिकेटमुळे तो सगळ्यांना कळतो, मात्र सामना संपल्याचा भास होतो, म्हणून ‘अनिर्णित, पुढील तपासणी आवश्यक’ असे जोडूनच लिहावे. ‘ब्लूमिंग’साठी ‘शाई फुटणे’वरून ‘धातू फुटणे’ मला फार आवडले होते. वहिनींना ऐकवले तर त्या म्हणाल्या, “काहीतरीच काय. ‘स्टेंट फुटला’ असं कुणी सांगितलं तर माणूस तिथेच जायचा.” तेव्हा ‘चमक फाकणे’.

दादाच्या फायलीत सहा वर्षांपूर्वीचे एक छोटे कार्ड सापडले. स्टेंट घातल्यावर ते प्रत्येकाला देतात. त्यावर कुठल्या रोहिणीत कोणता स्टेंट घातला ते असते आणि त्याचा व्यास व लांबी असते : ३.५ × २३ आणि २.५ × १८. पहिला आकडा व्यासाचा. हे कार्ड सी.टी.ला जाताना बरोबर नेले असते, तर लहान स्टेंटबद्दल अहवालात काय येणार याचा अंदाज तपासणीआधीच आला असता, आणि कदाचित तज्ज्ञांनी आधी दुसरी तपासणी सुचवली असती. आम्ही ते पॉलिसीच्या कागदांत ठेवले होते. आता वहिनींनी त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या आहेत. एक दादाच्या पाकिटात, एक त्यांच्या पर्समध्ये. मागच्या महिन्यात तपासणीच्या खिडकीवरच्या मुलाने विचारले, “स्टेंट कितने का है?” दादा किंमत सांगू लागला होता. वहिनींनी त्याला थांबवले आणि म्हणाल्या, “साढ़े तीन और ढाई.”